गोटमार की पाळी?

पांढुर्ण्याचे नाव काढले की येथील मित्र हटकून एकच प्रश्न विचारतात, "ती दगडफेकीची जत्रा तुमच्याच भागातली ना?" आमच्याच भागातली, हे खरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्याला झेंडा बांधला जातो. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. झेंडा एक आणि तो हवा दोघांनाही. म्हणून दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव चालतो. हीच ती गोटमार. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात आणि आमच्या भागाची बाहेर तेवढीच ओळख उरते.

परंतु त्याच मुलखात बारा महिने दुसरीही एक रीत पाळली जाते. तिचे छायाचित्र कोणी छापत नाही. ती म्हणजे विहिरीवरची पाळी. विहीर एक, भाऊ तीन, बागा तीन. पाण्यावर डोळा तिघांचाही असतो. पण दगड कोणी उचलत नाही. आज थोरल्याचे ओलीत, उद्या मधल्याचे, परवा धाकट्याचे. माझा आजचा विषय संगणकाचा आहे, आणि तो सांगण्यासाठी मला गोटमार आणि पाळी हे दोन शब्द पुरेसे आहेत.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून, पण मध्यप्रदेशात आहेत. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही सीमेच्या अलीकडे राहिलो. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत हिंदी, हे आम्हांस जन्मापासूनचे. जेथे एकाच अंकात मराठी व कन्नड असे दोन विभाग निघतात, तेथील वाचकांना सीमेवरचे जगणे मी काय समजावून सांगावे? आमचे मुख्य पीक संत्रा. संत्र्याला पाणी लागते, आणि पाणी तर मोजकेच. म्हणून पाळी.

आता विषयाकडे वळतो. संगणकाला छापयंत्र, कळफलक, कॅमेरा, मोटार असे काहीही जोडले तरी त्या वस्तूशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर हार्डवेअरच्या अगदी दारात बसलेला असतो. बाकीच्या प्रोग्रामांना मेमरी वाटेल तेवढी आहे, वेळ वाटेल तेवढा आहे असा भास होतो. ड्रायव्हरला मात्र खरी शिल्लक दिसते. टायमर किती, तर दोन किंवा तीन. हार्डवेअरला "इकडे लक्ष द्या" म्हणून हाक मारता यावी यासाठी असलेल्या इंटरप्टच्या तारा किती, तर मोजून इतक्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने टेबलासमोर टांगून ठेवावी अशी आहे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्यात इंटरप्टच्या आठच तारा होत्या. त्यांतल्या दोन तर टायमर आणि कळफलक यांनीच घेतलेल्या. १९८४ च्या एटी या मॉडेलात आठ तारांची दुसरी चिप पहिलीच्या एका तारेवर जोडली, आणि वापरण्याजोग्या तारा पंधरा झाल्या. तरीही ओढाताण संपली नाही. पहिला आणि तिसरा सिरियल पोर्ट हे दोघे प्रथेने चौथ्या क्रमांकाच्याच तारेवर बसत. एकावर माऊस आणि दुसऱ्यावर मोडेम लावला की मोडेमने फोन लावताच माऊस जागच्या जागी थिजे. लोक यंत्र उघडून कार्डावरच्या इवल्याशा पिना इकडच्या तिकडे करीत बसत. दोघांनी एकाच झेंड्याला हात घातला होता आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. ही संगणकातली गोटमार!

कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. आता फोनमध्येसुद्धा अब्जावधी बाइट मेमरी असते, मग ही काटकसर कशाला शिकायची? हा प्रश्न मलाही रास्त वाटत असे. गेल्या उन्हाळ्यात त्याचे उत्तर मला घरीच मिळाले, आणि ते महाग पडले.

आमची विहीर पणजोबांनी खणलेली. आज तीवर मोठे बाबा, माझे वडील आणि काका यांची पाळी चालते. मोटार तिघांची मिळून एक. शेतीची वीज ठरलेल्या तासांपुरतीच येते, आणि ते तास रात्रीचेही असतात. वडिलांना रात्री-अपरात्री शेतात जावे लागू नये म्हणून मी एक नियंत्रक बनवला. त्यात एटीमेगा ३२८ ही चिप होती. तिची मिळकत सांगतो: मेमरी दोन किलोबाइट, टायमर तीन, बाहेरच्या इंटरप्टच्या खास पिना दोन. तीन टायमरांपैकी सोळा बिटांचा एकच. त्या टायमरवर मी माझे घड्याळ बसवले. पाळीची वेळ संपली की मोटार बंद करणे हे त्याचे एक काम. विहिरीचे पाणी तुटून नळीतला प्रवाह दहा सेकंद थांबला तर मोटार कोरडी फिरू नये म्हणून ती बंद करणे हे दुसरे. शिवाय पाणी बागेच्या एका भागातून दुसऱ्या भागात वळवणारी झडप होती. ती फिरवायला छोटी सर्व्हो मोटार, आणि सर्व्होसाठी एक तयार लायब्ररी घेतली.

घरी टेबलावर घड्याळ तपासले, बरोबर चालले. झडप तपासली, बरोबर फिरली. दोन्ही एकत्र मात्र मी काही मिनिटांपलीकडे चालवून पाहिली नाहीत. सुटी संपत आली होती.

शेतात काय झाले ते वाचकांनी लक्ष देऊन वाचावे, कारण साऱ्या लेखाचे मर्म त्यातच आहे. टायमर म्हणजे एक बादली समजा. तीत थेंब पडत राहतात. ६५,५३६ थेंबांनी ती भरून वाहिली की माझा प्रोग्राम सुमारे एक सेकंद झाला असे मोजी. त्या लायब्ररीलाही सर्व्होसाठी नेमका तोच टायमर लागत होता. झडप पहिल्यांदा वळायची वेळ आली तेव्हा लायब्ररीने कोणाला न विचारता टायमर ताब्यात घेतला, थेंबांचा वेग बदलला, आणि दर वीस मिलिसेकंदांनी ती बादली रिकामी करू लागली. वीस मिलिसेकंदांत पडत होते चाळीस हजार थेंब. म्हणजे बादली भरून वाहण्याचा प्रसंग पुन्हा येणारच नव्हता! माझे घड्याळ त्या क्षणी थांबले. कोठेही चूक दाखवली गेली नाही, दिवा लागला नाही, प्रोग्रामही बंद पडला नाही. झडप छान फिरत राहिली.

घड्याळ थांबल्यामुळे पाळी संपलेली यंत्राला कळली नाही, आणि पाणी तुटल्यावर दहा सेकंद झालेलेही कळले नाही. राखणदार दोन ठेवले होते, पण दोघांना मिळून डोळा एकच दिला होता. विहीर रात्रीत उपसली गेली आणि मोटार कोरडी फिरून जळाली. सकाळी मोठ्या बाबांची पाळी होती. त्यांना ना पाणी मिळाले, ना मोटार. मोटार भरून येईपर्यंत चार दिवस गेले. वैशाखाचे ऊन होते, झाडांवर आंबिया बहाराची फळे होती. त्यांच्या बागेत जी फळगळ झाली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मी त्यांच्यासमोर गेलो तेव्हा वाटले, आता बोलणी खावी लागणार. ते बांधावर बसले होते. मी टायमरचा सारा घोळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, इहिरीवर आपण तीन पिढ्यांपासून पाळी पाळतो. मंग तुह्या यंत्रात काहून नाही लावली पाळी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अमुक टायमर आपण वापरतो, हे त्या लायब्ररीच्या माहितीत लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. दोष लायब्ररीचा नव्हता आणि चिपचाही नव्हता. तीन टायमर त्या कामाला पुरले असते. कमी पडली ती वस्तू नव्हे, रीत.

माझे म्हणणे इतकेच आहे. ड्रायव्हरच्या रचनेत खरी अडचण टंचाईची नसते. मागणे, घेणे आणि परत देणे यांची रीत नसणे ही असते. ही रीत आमच्या विहिरीवर जशी आहे तशीच चांगल्या प्रणालींतही आहे. तिचे काही नियम येथे सांगतो.

पहिला नियम, विचारल्याशिवाय घेऊ नये. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीत ड्रायव्हरला इंटरप्टची तार हवी असेल तर आधी कर्नेलकडे अर्ज करावा लागतो. तार दुसऱ्याकडे असेल आणि तो वाटून घ्यायला तयार नसेल, तर "साधन गुंतलेले आहे" असे उत्तर येते. नकार मिळणे हा अपमान नव्हे. नकार मिळाला म्हणजे वही ठेवणारा कोणीतरी आहे. माझ्या यंत्रात ती वहीच नव्हती.

दुसरा नियम, गरज लागेल तेव्हाच घ्यावे. लिनक्सच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना जुना सल्ला आहे की इंटरप्टची तार ड्रायव्हर यंत्रात बसताक्षणी अडवू नये. ते उपकरण कोणी प्रत्यक्ष उघडील तेव्हा मागावी. ज्याची बाग अजून ताणावर आहे त्याने पाळी अडवून ठेवली तर विहिरीत पाणी असून दुसऱ्याची बाग वाळते.

तिसरा नियम, वाटून घेतलेल्या वस्तूशी प्रामाणिक राहावे. पुढे पीसीआय पद्धतीत एकाच तारेवर अनेक उपकरणे बसू लागली. जुन्या वाड्याच्या दाराला एकच घंटा आणि आत पाच बिऱ्हाडे, तसा हा प्रकार. घंटा वाजली की प्रत्येक ड्रायव्हरने पाहावे, पाहुणा माझा आहे का? नसेल तर "माझा नाही" असे स्पष्ट सांगावे. असेल तर चटकन आत घ्यावे, दारातच गप्पा मारीत उभे राहू नये. दारात रेंगाळणाऱ्या एकामुळे चौघांचे पाहुणे ताटकळतात.

चौथा नियम, दोन वस्तू लागत असतील तर सर्वांनी त्या एकाच क्रमाने घ्याव्यात. एका भावाने स्टार्टरची किल्ली नेली, दुसऱ्याने पाइप नेला, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले, तर ओलीत कोणाचेच होत नाही. संगणकशास्त्रात याला डेडलॉक म्हणतात. १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कोंडी होण्यास लागणाऱ्या चार अटी मांडल्या. त्यांतली एक मोडली तरी कोंडी टळते. आधी किल्ली, मग पाइप, असा क्रम ठरवणे हा त्यांतला सर्वांत सोपा उपाय.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: परत द्यावे, आणि काम फसले तरीही द्यावे. ड्रायव्हर एकामागून एक चार वस्तू मागतो आणि चौथीला नकार मिळतो, तेव्हा आधीच्या तीन उलट क्रमाने परत केल्याशिवाय त्याने बाहेर पडता कामा नये. आपण विद्यार्थी काम यशस्वी झाले तर काय करायचे तेवढेच लिहितो. फसले तर काय, ते रिकामे सोडतो. २००७ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे की ड्रायव्हरने घेतलेल्या वस्तूंची यादी प्रणाली स्वतः ठेवते आणि तो गेला की त्या सोडवते. सोय उत्तमच, पण छोट्या चिपवर असा कारकून नसतो, तेथे आपणच कारकून.

मोठमोठ्यांनाही या गोष्टी चुकल्या आहेत. १९९७ साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागले. हवामानाचे मोजमाप करणारे एक कमी महत्त्वाचे काम सामाईक माहिती-मार्गाचे कुलूप धरून बसे. मधल्या महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि सर्वांत महत्त्वाचे काम कुलपासाठी खोळंबून राही. पृथ्वीवरून दुरुस्ती झाली ती अशी की, ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला तेवढ्या वेळेपुरता वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्याचा मान द्यायचा, म्हणजे त्याची वाट कोणी अडवणार नाही. किल्ली घेऊन निघालेल्या लहान पोराला रस्त्यात कोणी कामाला लावू नये, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही.

आणखी एक उदाहरण सौंसरचेच जवळचे आहे. २०१५ सालापर्यंत नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज गाडी सौंसरवरून धावत असे. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. रेल्वेच्या एकेरी मार्गासाठी टोकनची जुनी पद्धत आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्याचे टोकन हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नाही, आणि एका वेळी त्या टप्प्याचे एकच टोकन यंत्राबाहेर निघते. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात प्रोग्रामांना पाळी लावणारी जी युक्ती काढली, तिला त्यांनी नाव दिले सेमाफोर. हा शब्दही रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचाच. म्हणजे संगणकशास्त्राने ही रीत आकाशातून आणलेली नाही. एकेरी रुळावरून आणली.

पाळीवर आक्षेप नाहीत असे मी म्हणत नाही. पाळी ताठर असते. ज्याची पाळी त्याला गरज नसली तरी दुसरा तहानलेला राहू शकतो. यावर विहिरीवरचा उपाय पाळी मोडणे हा नाही. विचारून बदलून घेणे हा आहे. "आज तुमची मला द्या, परवा माझी घ्या" असे म्हणायला तोंड उघडावे लागते, एवढेच. ड्रायव्हरनेही तसेच तोंड उघडावे.

आता प्राध्यापकांस आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांस नम्र विनंती. मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात आहे. आजवर जे जे प्रोग्राम लिहिले ते भरपूर मेमरीच्या यंत्रावर, आणि प्रत्येक वेळी एकट्याने यंत्र वापरून. सुबत्तेत वाढलेल्या पोराला घर चालवता येत नाही, तशी आमची स्थिती आहे. म्हणून दोन किलोबाइटवाल्या छोट्या चिपवर निदान एक सत्र काम करून घ्यावे. ती स्वस्तही आहे. प्रत्येक प्रकल्पासोबत एक वही सक्तीची करावी: कोणता टायमर, कोणती पिन, कोणता इंटरप्ट कोणाच्या ताब्यात, केव्हा घेतला आणि केव्हा परत केला. दोन विद्यार्थ्यांचे प्रोग्राम एकाच चिपवर एकत्र चालवून मगच गुण द्यावेत. आणि काही गुण फक्त फसलेल्या वाटेसाठी राखावेत: मधेच नकार मिळाला तर विद्यार्थ्याने सर्व काही परत केले का? अशी परीक्षा मला गेल्या वर्षी द्यावी लागली असती तर मी बहुधा नापास झालो असतो, पण मोटार वाचली असती.

मित्रांसाठीही एक गोष्ट सांगतो. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या वर्गमित्राला मी विचारले, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तो म्हणाला, "पाळि." शब्द एकच निघाला! या अंकाची पाने ठरावीक आहेत. ती मराठी आणि कन्नड अशी दोघांनी वाटून घेतली आहेत, आणि आजवर कोणी कोणावर दगड फेकल्याचे ऐकिवात नाही. ती समज आपल्या प्रोग्रामांत उतरवायला आपल्याला जड जाऊ नये.

यंदाच्या सुटीत मी तो नियंत्रक पुन्हा बांधला. घड्याळाला वेगळा टायमर दिला. विहिरीत पाण्यावर तरंगणारी साधी कळ बसवली. पाणी खाली गेले की ती चिपला न विचारता मोटार तोडते. आणि डब्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला: कोण काय वापरतो, त्याची यादी. मोठ्या बाबांनी झाकण उघडून तो कागद वाचला. ते काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात आपली पाळी त्यांनी त्या यंत्रावर लावू दिली. मला एवढे प्रशस्तिपत्र पुरे आहे. येथेच लेखणी आवरती घेतो.